उजव्या खुर्चीतला हिवाळा

भात कापून नेल्यावर शेतातून जो वास येतो, त्याला आपल्या भाषेत स्वतंत्र नाव नाही. मातीचा म्हणावा, तर माती तोवर वरून सुकलेली असते. पेंढ्याचा म्हणावा, तर पेंढा अजून हिरवट असतो. दोहोंच्या मधला, किंचित गोडसर, थंडीने जड होऊन जमिनीलगत रेंगाळणारा असा तो वास. काल सकाळी दुधिवरे खिंड उतरून पवनेच्या खोऱ्यात शिरलो, गाडीची काच खाली केली, आणि तो आत आला. त्याच्यामागोमाग दोन वर्षांपूर्वीचा एक हिवाळाही आला. तो हिवाळा मी एका अरुंद खुर्चीत बसून, डाव्या हाताचं काम उजव्या हाताला शिकवण्यात घालवला होता.

मी विज्ञानाचा शिक्षक. वलवणला राहतो. लोणावळ्याच्या एका शाळेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. चाळिशी उलटल्यावर, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत, छोटं विमान चालवायला शिकलो. छोटं म्हणजे खरोखर छोटं: दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, पंख डोक्यावर असतात, आणि दार जोरात लावलं तर मालक रागावतो. तिकोणा पेठेच्या अलीकडे गवताची एक धावपट्टी आहे. तिथे आमच्या क्लबाची अशी दोन विमानं एका पत्र्याच्या शेडमध्ये असतात. निवृत्तीनंतर मला वाटलं, आयुष्यभर शिकवलं, मग हेही का शिकवू नये? विमान चालवण्याचा परवाना एक आणि ते दुसऱ्याला शिकवण्याचा परवाना वेगळा. तो मिळवण्याची तयारी मी त्या हिवाळ्यात केली.

खिंडीतून सकाळी खाली पाहिलं की खोरं दिसतच नाही. दिसतं ते धुकं. पवनेच्या पाण्यावरून उठलेलं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यातून वर आलेले तुंग आणि तिकोणा हे दोन किल्ले. मुलांना मी हे अनेकदा समजावलं होतं: रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होते, थंड हवेत बाष्प मावत नाही. समजावून झाल्यावर घंटा व्हायची. इथे मात्र समजावून झाल्यावरही धुकं तसंच असायचं, आणि ते उठेपर्यंत शेडसमोरच्या बाकावर चहाचा कप धरून बसावं लागायचं. या बसण्याची मला हळूहळू गोडी लागली. आधी तिकोण्याचा माथा स्वच्छ होई, मग पायथ्याची झाडं एकेक करून सुटी होत, आणि शेवटी धावपट्टीच्या टोकाची वाऱ्याची पिशवी दिसे. केशरी कापडाची, दोन्ही तोंडं उघडी असलेली ती पिशवी मरगळून लोंबत असली तर वारा नाही असं समजायचं. तिच्यात जीव आला की आम्ही उठायचो.

विमानात शिकणारा डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे. ऐकायला ही मामुली अदलाबदल आहे. पण डावीकडे बसून इतकी वर्षं मी विमान वळवायची दांडी डाव्या हाताने धरली होती आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल उजव्या हाताने. उजवीकडे बसताच दोन्ही हातांची कामं उलटी झाली. शिवाय डावीकडून पाहताना विमानाचं नाक जिथे असायचं, तिथे ते उजवीकडून नसतं. सरळ चाललेलं विमान तिरकं चालल्यासारखं दिसतं, आणि ते सरळ करायला गेलं की खरोखर तिरकं होतं. पहिल्या काही सकाळी मी गवतावर असा उतरलो, की ज्या माणसाने मला उडायला शिकवलं त्याने पाहिलं असतं तर तोंड फिरवलं असतं.

मग घरी सराव सुरू झाला. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवल्या. डावीकडे माझी पत्नी सुनंदा, उजवीकडे मी. तिच्या हातात दांडी म्हणून लाटणं, माझ्या हातात रवी. शिकवणाऱ्याला विमान चालवता-चालवता बोलावंही लागतं, आणि जे हात करतो तेच आणि तेव्हाच तोंडाने सांगावं लागतं. म्हणून हा खटाटोप.

"आता नाक क्षितिजावर ठेव," मी म्हणालो.

"क्षितिज कुठे आहे?"

"फ्रिजच्या वरच्या कडेला."

"बरं. ठेवलं."

"आता डावीकडे वळायचं आहे. वळण्याआधी काय करायचं?"

"बघायचं."

"शाब्बास. काय बघायचं?"

"कुकरची शिट्टी झाली का ते."

मी हसलो नाही, कारण पाठ चालू होता. तिने लाटणं डावीकडे कलवलं. जरा जास्तच कललं, तेव्हा मी हात पुढे करून ते सरळ केलं.

"अहो, लाटणं माझ्या हातात आहे ना?" ती म्हणाली. "मग तुमचा हात त्याच्यावर कशाला?"

"वळण फार तीव्र झालं होतं."

"खुर्ची कुठे पडणार होती का?"

तेव्हा मला वाटलं, हिला विमानातलं काय कळतं. तीच तक्रार पुढच्या आठवड्यात वेगळ्या तोंडून ऐकायला मिळाली.

मृणाल आमच्या क्लबाची मुख्य प्रशिक्षक. नववीत ती माझ्या वर्गात होती, खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि प्रयोगाच्या तासाला हमखास काचेचं काहीतरी फोडायची. आता तिच्या शब्दाशिवाय आमच्या धावपट्टीवरून पतंगसुद्धा उडत नाही. माझी तयारी तिच्याकडे होती. तिने डावीकडे बसून नवख्या विद्यार्थ्याचं सोंग घ्यायचं आणि मी उजवीकडून तिला शिकवायचं, असा रोजचा पाठ. हे सोंग ती इतक्या मन लावून वठवायची, की तिच्यात मला माझे कितीतरी वर्ग एकदम भेटत. कधी ती घाबरट मुलगी असे, कधी सगळं येतं असं समजणारा मुलगा, कधी नुसतंच "हो सर, हो सर" म्हणणारं कुणीतरी.

शाळेत शिकवताना वाक्यातला शेवटचा शब्द वर्गासाठी मोकळा सोडण्याची एक पद्धत असते. 'पाणी तापलं, त्याची वाफ झाली, म्हणजे पाण्याचं काय झालं? बाष्पी...' असं म्हणून थांबायचं, आणि सगळा वर्ग तो शब्द पुरा करतो. बाहेरच्या माणसाला ही घोकंपट्टी वाटेल. पण त्या अर्ध्या शब्दानंतरच्या शांततेत कोण जागं आहे आणि कोण झोपलंय हे शिक्षकाला नेमकं कळतं. ही सवय माझ्या जिभेत इतकी मुरली होती, की ती विमानातही माझ्याबरोबर आली.

"नाक वर गेलं," मी हेडसेटमधून म्हणालो, "म्हणून वेग..."

"कमी होतो, सर," मृणालने शाळेतला तो लांबवलेला सूर लावला. मग हाताची घडी घालून ती स्वस्थ बसली. नाक अजून वरच होतं आणि वेगाचा काटा खरोखर खाली येत होता.

"नाक खाली घे."

"पण उत्तर बरोबर आलं ना, सर?"

मी दांडी धरली आणि म्हणालो, "माझ्याकडे."

हा शब्द नीट सांगायला हवा. विमानाचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तो मोठ्याने सांगायचा असतो, म्हणजे दोघांनाही वाटत राहत नाही की दुसरा चालवतोय. इतर ठिकाणी हे इंग्रजीत म्हणतात. आमच्या क्लबात मृणालने मराठीत म्हणायचा रिवाज पाडला आहे. देणारा म्हणतो "तुझ्याकडे", घेणारा म्हणतो "माझ्याकडे", आणि देणारा पुन्हा "तुझ्याकडे" म्हणून हात सोडतो. धोका दिसला तर शिकवणारा नुसतं "माझ्याकडे" म्हणून ताबा घेऊ शकतो, आणि विद्यार्थ्याने त्या क्षणी हात सोडायचे असतात. या एका शब्दाला आकाशात हुकमाचा मान आहे. त्या हिवाळ्यात तो मी फार खर्च केला.

पंख जरासा झुकला की माझ्याकडे. नाक बोटभर वर गेलं की माझ्याकडे. उतरताना विमान पट्टीच्या मध्यापासून किंचित सरकलं की माझ्याकडे. मृणाल दरवेळी हात सोडे, खिडकीतून पवनेच्या पाण्याकडे बघत बसे, आणि खाली आल्यावर अत्यंत नम्रपणे मला उभं-आडवं घेई.

"सर, मघाशी ताबा का घेतलात?"

"पंख झुकत होता."

"मला दिसत होतं ते."

"तू सरळ केला नाहीस."

"करणार होते. तुम्ही करू दिलं नाहीत."

"मग थांबायचं तरी किती?"

"आकडा सांगितला तर तुम्ही तो पाठ कराल," ती म्हणाली. "सर, एक सांगू? वर्गात आमच्या पेनातून चुकीचं अक्षर उतरायच्या आत तुमचं बोट तिथे यायचं. आम्हाला फार बरं वाटायचं. पण इथे मी तुमच्याबरोबर आठवडाभर उडले, आणि मला अजून काहीही येत नाही."

सोंगातलं वाक्य होतं की खरं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याच दिवशी तिने सांगितलं की परीक्षकांकडे माझं नाव ती इतक्यात पाठवणार नाही. परीक्षक हिवाळा संपायच्या आत एकदाच येतात. पुढे उन्हाची धूळ, मग पाऊस, आणि मग थेट पुढचा हिवाळा. पुढच्या हिवाळ्यात मी होतोच. पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं डॉक्टर नुकतेच म्हणाले होते. वर्षभराने शिकवण्यायोग्य नजर उरेल की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नव्हतं. सुनंदाला मी हे बोललो नव्हतो, मृणाललाही नाही. खिंड चढून घरी येताना मात्र ते रोज माझ्याबरोबर असायचं.

माझ्या विद्यार्थिनीने मला नापास केलं याचं दुःख झालं का? झालं, पण थोडं. तिने ते ज्या रीतीने केलं, ती रीत माझ्याच वर्गातली होती: आधी गुण, मग दोष, आवाज न चढवता. आपली पद्धत आपल्यावर उलटलेली पाहण्यात एक चमत्कारिक समाधान असतं. ज्या शिक्षकाच्या वाट्याला ते आलं नाही, त्याने मुलांना नेमकं काय दिलं याची त्याला कायम शंका राहत असावी.

मी या प्रश्नाचा माझ्या स्वभावाप्रमाणे पद्धतशीर विचार केला. फळ्यावर चुकीचं समीकरण पडलं तर काय होतं? काही होत नाही. डस्टर असतं. तरी तिथे मी घाई करत असे, कारण चूक डोळ्यांत राहू नये असं मला वाटे. आकाशात चूक राहू दिली तर काय होतं? ते उंचीवर अवलंबून आहे. मृणालचं म्हणणं असं, की चूक आणि धोका यांच्यामध्ये एक जागा असते. वर, डोंगरमाथ्यांच्याही वर, ती जागा ऐसपैस असते. तिथे विद्यार्थ्याला चुकू द्यावं, चूक पुरती उमलू द्यावी, तिचा आवाज ऐकू द्यावा. जमिनीजवळ ती जागा आकसत जाते, आणि शेवटच्या क्षणी ती तळहाताएवढी उरते. शिकवणाऱ्याचं सगळं कौशल्य ती जागा मोजण्यात आहे. मी ती मोजतच नव्हतो. मला सगळीकडे जमीनच दिसत होती.

त्याच सुमारास झोडणीचे दिवस आले. धावपट्टीच्या टोकाला भिकूआबांचं शेत आहे. विमान वळवून पुन्हा पट्टीवर आणताना ते त्यांच्या खळ्याच्या अगदी कडेने हळूहळू न्यावं लागतं. आबा पेंढ्यांच्या भाऱ्यावर बसून आमच्याकडे बघत असायचे. एकदा धुकं उठायची वाट बघत मी त्यांच्या बांधापाशी गेलो, तर म्हणाले, "गुर्जी, येक इचारू का?"

"विचारा की आबा."

"ती पोरगी शिकिवती तवा गप आसती. तुमी आत आसला का तुमचं त्वांड चालूच. काचंतनं दिसतं. आत इंजान जास्त बोलतं का तुमी?"

"शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं, आबा."

"व्हय, ते बी खरं," ते म्हणाले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

पटलं नाही म्हणावं तर ते स्वतः काय करत होते? त्यांची सून सविता नव्याने ट्रॅक्टर शिकत होती. खळ्यावरचे भारे तिला घरापर्यंत न्यायचे होते, आणि आबा बांधावर उभे राहून तिला हाका मारत होते. "आगं डावीकडं घे. डावीकडं. आता सोड. सोड म्हन्लं की. आगं बांध हाय तितं, बांध." ट्रॅक्टर कधी इकडे, कधी तिकडे तोंड करत होता. शेवटी सविताने तो मधेच बंद केला आणि पदर कमरेला खोचत मागे वळली.

"मामंजी, तुमी वराडता तवा मी बांधाकडं बगू का तुमच्याकडं?"

"बांधाकडं बग की."

"मंग वराडू नका."

आबा माझ्याकडे वळले. "बगा गुर्जी. शिकवायची सोय न्हाई ऱ्हायली."

मी मनापासून हसलो. त्यांच्याबरोबर भाऱ्यावर टेकलो आणि दोघांनी मिळून, एक शब्दही न बोलता, सविताला ट्रॅक्टर नेताना पाहिलं. बांधापाशी तिने तो एकदा थांबवला, मागे घेतला, पुन्हा पुढे घेतला. आबांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझा उजवा हात गुडघ्यावर आवळला गेला होता, हे मला ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर कळलं. तिने तो बांध कसा ओलांडला, हे आम्ही दोघेही तिला कधी शिकवू शकलो असतो असं मला वाटत नाही. ती ज्या दगडाच्या कडेने गेली, तो दगड आम्हाला बसल्या जागेवरून दिसतच नव्हता.

वर्गातल्या त्या मोकळ्या सोडलेल्या शब्दाबद्दल मी पुष्कळ विचार केला. 'बाष्पी...' म्हणून मी थांबत असे, तेव्हा किती सहज थांबत असे. खडू खाली असे, नजर शेवटच्या बाकापर्यंत जाई, आणि उत्तर यायला उशीर झाला तरी घाई वाटत नसे. म्हणजे वाट बघणं मला येत होतं. फक्त ती शब्दाची वाट होती. मुलांचे हात चालू लागले, की माझा हात मध्ये येई. शब्द चुकला तर हवेत विरतो, अक्षर चुकलं तर कागदावर राहतं, म्हणून असेल. पण आता मला विद्यार्थ्याच्या हाताची वाट बघायची होती; आणि तीही त्याच शांततेने, खडू खाली ठेवून.

त्यानंतरची एक सकाळ मला नीट आठवते. धुकं लवकर उठलं होतं आणि पवनेचं पाणी वरून अगदी निश्चल दिसत होतं. आम्ही तुंगाच्या बाजूला भरपूर उंचीवर गेलो. पाठ होता स्टॉलचा. नाक फार वर आणि वेग फार कमी झाला, की पंखांना हवेचा आधार मिळत नाही. विमान थरथरतं आणि खाली पडू लागतं. त्यालाच स्टॉल म्हणतात. सोडवण्याची रीत सोपी आहे, नाक खाली द्यायचं. अवघड एवढंच, की खाली पडताना नाक आणखी खाली द्यावं हे शरीराला पटत नाही.

"तुझ्याकडे," मी म्हणालो.

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे."

मृणालने नाक वर घेतलं. वेग उतरला, वाऱ्याचा आवाज उतरला, दांडी ढिली पडल्याचं मला न धरताच कळलं. विमान थरथरलं. आता नाक खाली. तिने ते खाली दिलं नाही. उलट घाबरलेल्या माणसासारखी दांडी पोटाकडे ओढून धरली. डावा पंख गळाला आणि खिडकीत आकाशाच्या जागी पाणी आलं. माझे दोन्ही तळहात मांडीवर उताणे होते. मी खाली पाहिलं. खाली खूप हवा होती. ती सगळी हवा मी पहिल्यांदाच पाहिली.

"पुढे," मी एवढंच म्हणालो.

तिने दांडी पुढे दिली. पंखांनी हवा पकडली, नाक वर आलं, क्षितिज जागेवर बसलं. हेडसेटमध्ये बराच वेळ फक्त इंजिन होतं.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही अजून काही बोलणार आहात का?"

"नाही. तू सांग काय झालं ते."

तिने सांगितलं, आणि विद्यार्थिनीच्या सोंगातच सांगितलं, अडखळत, मधला एक भाग विसरत. विसरलेला भाग मला ठाऊक होता. तो मी तिला परत चढून, परत करून, स्वतः शोधू दिला. उतरतानाही तिने खोडी काढलीच. गवताला चाकं लागायच्या आधीच तिने नाक वर ओढलं आणि विमान फुग्यासारखं परत वर उचललं गेलं. इथे जागा लहान होती. वेग आहे, पट्टी पुढे शिल्लक आहे, अजून तिच्या हातात आहे, असं मी मनात म्हणेपर्यंत तिने थ्रॉटल दिलाच नाही आणि वेग संपत आला.

"माझ्याकडे," म्हणून मी थ्रॉटल पुढे सारला आणि आम्ही पुन्हा एक चक्कर मारली.

शेडमध्ये विमान ढकलताना ती म्हणाली, "हा 'माझ्याकडे' बरोबर होता."

"उशीर नाही ना झाला?"

"नाही. मीसुद्धा तेव्हाच घेतला असता." मग पंखाला चादर बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव आज पाठवते."

घरी येताना खिंडीत गाडी थांबवून मी उतरलो. कारण काही नव्हतं. थोडा वेळ खोऱ्याकडे बघत उभा राहिलो आणि मग जाऊन सुनंदाला डोळ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. औषधाची बाटली फ्रिजमध्येच ठेवता, क्षितिजाच्या खाली."

परीक्षक मितभाषी गृहस्थ होते. डावीकडे बसून त्यांनी एका हट्टी विद्यार्थ्याचं काम केलं, जे मृणालच्या मानाने फारच फिकं होतं. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "शाळेत होतात का?" मी हो म्हणालो. "वाटलं," ते म्हणाले, आणि सही केली. ही स्तुती होती की कसं, हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि ठरवायची निकडही वाटत नाही. पुढे डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. वलवणच्या धरणाच्या भिंतीवरचे बगळे आता मला घरच्या गच्चीतून वेगवेगळे मोजता येतात.

तेव्हापासून उजवी खुर्ची माझी झाली आहे. या हिवाळ्यात माझ्याकडे अश्विनी शिकते. ती वराळ्याजवळच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बाजूला काढणं हेच तिचं काम. त्यामुळे स्वतःची चूक झाली की ती दगडासारखी गोठते. गेले काही आठवडे आम्ही फक्त उतरण्याचा सराव करतो आहोत. उतरणं हा सगळ्यांत लांबणारा पाठ आहे, कारण त्यात आधीचे सगळे पाठ पुन्हा एकदा आणि एकदम येतात.

काल त्या वासातून धावपट्टीवर पोचलो तेव्हा ती बाकावर आधीच बसली होती. धुकं उठलं. आम्ही उडालो, एक चक्कर घेतली आणि उतरायला आलो. तेवढ्यात तिकोण्याच्या बाजूने, डावीकडून, वारा सुटला. पट्टीच्या उंबरठ्यावर विमान उजवीकडे सरकू लागलं. उजवीकडे म्हणजे माझ्या बाजूला. माझ्या खिडकीखाली गवत होतं, मग गवताची कडा आली, आणि कडेपलीकडे कापलेल्या भाताची खुंटं. मी जागा मोजली. कडा ओलांडली तर माझ्याकडे. अजून ओलांडलेली नाही. अश्विनीचा श्वास हेडसेटमध्ये ऐकू येत होता. माझे हात दांडीच्या इतके जवळ होते, की तिचा थरथराट बोटांना जाणवावा. पण ते दांडीवर नव्हते.

तिने डावा पंख खाली घातला. उशिराने घातला, पण पुरेसा घातला. खुंटं माझ्या खिडकीतून मागे सरली, गवत परत आलं, आणि आधी एक चाक, मग दुसरं, असं विमान जोरात टेकलं. मला दात आवळावे लागले. विमान सरळ होतं.

शेडजवळ येऊन तिने इंजिन बंद केलं. नाकावरचा पंखा थांबल्यावरची शांतता फार मोठी असते. आबांच्या खळ्यावर कुणीतरी सुपाने भात पाखडत होतं, ते ऐकू आलं.

"सर, मघाशी तुम्ही मदत केलीत ना?" ती म्हणाली.

"कधी?"

"ते उजवीकडे चाललं होतं तेव्हा. दांडी एकदम हलकी वाटली मला."

"नाही."

"खरं सांगा, सर."

"खरंच सांगतो. मी हात लावला नाही."

तिने पट्टा सोडला, परत लावला, आणि मग समोर बघत विचारलं, "अजून एकदा जाऊ या?"

मी वाऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं. मघाशी ती अर्धी भरली होती. आता पुरती ताठ आडवी झाली होती आणि टोक फडफडत होतं. तिकोण्याच्या उतारावरचं गवत एका बाजूला लवत होतं.

"तू सांग," मी म्हणालो.

तिने पिशवीकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं. तिला बराच वेळ लागला. पत्रा वाऱ्याने एकदा वाजला.

"नको, सर," ती म्हणाली. "वारा वाढतोय. उद्या लवकर येऊ."

उत्तर बरोबर होतं. ते मला तिच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं.